शंभर उचलले, शून्य दिले

माझ्या मुलीच्या बारशाला मी हातकणंगले स्टेशनावर एक पाळणा हरवला. खरं तर हरवला नव्हता, गाडीतच होता. मीच तिथपर्यंत गेलो नाही.

बारसं सासुरवाडीला होतं, स्टेशनापासून दोन कोसांवर. बायकोचे मामा मिरजेहून पॅसेंजरनं पाळणा घेऊन येणार होते. सागवानी, स्वतः रंधा मारून केलेला. त्यांना उतरवून घ्यायचं काम जावई म्हणून माझ्याकडं. गाडी आली. ऊन रणरणत होतं. मी पुढचे तीन डबे बघितले. चौथ्या डब्यापाशी फलाटावरचं छप्पर संपत होतं. मी सावलीतूनच मान उंच करून पुढं बघितलं, मामांसारखं कुणी दिसलं नाही, तसा परत फिरलो. मांडवात येऊन जाहीर केलं, "मामा न्हाईत आले. सगळी गाडी बघितली." मग साडीची झोळी बांधून मुलीचं नाव ठेवलं.

दीड तासानं दुधाच्या टेम्पोतून पाळण्यासकट मामा उतरले. शेवटच्या डब्यात होते.

"जावईबापू, मी ह्याच गाडीनं आलोय," ते म्हणाले.

सगळे पाहुणे बघत होते. मी म्हणालो, "मामा, सगळी गाडी बघितली मी. मागच्या गाडीनं आला असशीला."

मामांनी पाळणा मांडवात ठेवला आणि पाणीही न पिता निघून गेले. त्यानंतर ते आमच्या घरी आलेले नाहीत. मुलगी आता पुण्यात नोकरी करते. माझं म्हणणं मी अजून मागं घेतलेलं नाही. मागं घ्यायची वेळ पहिल्या पाच मिनिटांत असते. ती गेली की पुढं नुसती वर्षं जातात.

आता धंद्याचं. संपादकांनी "कॉम्प्युटरच्या कामातले अनुभव लिहा, पण आमच्या आईला कळतील असे" अशी अट घातली आहे. त्यांच्या आईंना मी ओळखत नाही, पण माझ्या आईला मी काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "बसून असतो." त्यात तसं खोटं काही नव्हतं.

मंगळवार पेठेत एका गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही पाच जण. खाली मिरची कांडायला आली की वर पाचही जण शिंकतात, आणि फोनवरच्या गिऱ्हाइकाला वाटतं साथ आलीय. आम्ही छोट्या कारखान्यांना, दूध संस्थांना, मंगल कार्यालयांना लागणारी ॲप करून देतो. या धंद्यात दर चार-पाच वर्षांनी आधीचं विसरून नवं शिकावं लागतं. पंचविशीत त्याची गंमत वाटायची. आता नवीन काही आलं म्हटलं की मी आधी चष्मा पुसतो, मग पाणी पितो, मग अजून जरा वेळ चष्माच पुसतो.

असंच एक नवीन आलं ते म्हणजे क्लाउडवरचा नो-एसक्यूएल डेटाबेस. नावाला घाबरू नका, मीही घाबरलो होतो. क्लाउड म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या गोदामात, लांब कुठंतरी. त्या गोदामात माणसं अवाढव्य आणि चपळ, पण त्यांची एक सवय आहे. कुठल्या फळीवर बघायचं ते तुम्ही सांगायचं. "पंपांची फळी" म्हटलं की हमाल त्या फळीवरचा माल नंबरानं एकेक उचलून टेबलावर आणतो. त्यातला एखाद्याच गिऱ्हाइकाचा माल पाहिजे असेल, तर टेबलाशी बसलेला कारकून नको ते बाजूला सारतो. या बाजूला सारण्याला आम्ही फिल्टर म्हणतो.

इथं लक्षात ठेवायची गोष्ट एकच. फिल्टर लागतो तो उचलून झाल्यावर. हमालाला "शंभर आण" सांगितलं, तर तो शंभर उचलतो. कारकून त्यातले नको ते काढतो. मग तुमच्या हातात कधी वीस येतात, कधी दोन, कधी एकही नाही. एकही नाही आलं म्हणजे गोदामात नाही असं नव्हे. फळीवर अजून बघायचं उरलं असेल तर हमाल सोबत एक चिठ्ठी देतो: "मी इथपर्यंत बघितलंय, पुढं अजून माल आहे." ती चिठ्ठी घेऊन परत विचारायचं. चिठ्ठी यायची थांबली की मगच नाही म्हणायचं.

वधूवर मंडळ चालवणाऱ्या एका बाईंना मी हे समजावलं होतं. त्या म्हणाल्या, "कळलं की. आधी शंभर मुलं बघायची, मग अपेक्षा काढायच्या, मग कुणीच उरत न्हाय." इतकं नेमकं मला शिकवणाऱ्या पुस्तकातही नव्हतं.

बाईंना समजावलं. स्वतः मात्र विसरलो. ते कुठं, ते सांगतो.

आपल्याकडं फाउंड्र्या पुष्कळ. ओतकामाला आधी पॅटर्न लागतो. जो भाग लोखंडात पाहिजे तसाच लाकडात करायचा, तो वाळूत दाबून काढून घ्यायचा, आणि जी पोकळी राहते तिच्यात तापलेला रस ओतायचा. पॅटर्न गिऱ्हाइकाचा असतो, पण राहतो फाउंड्रीत, वर्षानुवर्षं. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या फाउंड्रीत माळ्यावर असे बाराशेच्या वर पॅटर्न होते, आणि ते सांभाळायला होते कांबळेअण्णा.

अण्णा उचगावचे. साठीला टेकलेले, सडपातळ, कानामागं कायम खडू. माळ्याच्या दाराशी त्यांचा एक फळा होता. त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावर पॅटर्नचा नंबर आणि कप्पा ठोकलेला. पॅटर्न खाली कामाला गेला की बिल्ला उलटा करायचा, परत आला की सुलटा. कुणी काही मागितलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं: "बघून सांगतो." मग ते शिडी चढायचे. फळ्यावर बिल्ला सुलटा दिसत असला तरी चढायचे. न बघता "हाय" म्हणायचे नाहीत आणि "न्हाय" तर नाहीच नाही.

मी तिथं मोबाइलचं ॲप बसवलं. सगळ्या पॅटर्नची नोंद अण्णांनी केली, एका बोटानं, तीन महिने. नव्यापासून सुरुवात करा असं मीच सांगितलं होतं, म्हणून जुने माल मागं गेले. नव्या नंबरांप्रमाणं माळाही नव्यानं लावून घेतला. आणि एका दुपारी मी फळ्याकडं बघून म्हणालो, "अण्णा, हे आता काढून टाका की. मोबाइल हाय."

"राहू द्या की साहेब. खात न्हाय काय."

"दोन ठिकाणी नोंद असली की घोळ होतो."

अण्णांनी बिल्ले एकेक काढून तेलाच्या रिकाम्या डब्यात भरले. त्या डब्याचा आवाज मला तेव्हा ऐकू आला नव्हता. आता येतो.

चाचणी मी चाळीस पॅटर्नवर घेतली होती. चाळिसात सगळं सापडतं. ॲप मोबाइलवर चटकन चालावं म्हणून एका वेळी शंभरच बघायचे, हेही मीच ठरवलेलं. चिठ्ठीचं काम "नंतर करू" म्हणून वहीत लिहून ठेवलं. ती वही अजून आहे.

वर्षभरानं निपाणीकडचे एक पंपवाले फाउंड्रीत आले. त्यांना त्यांच्या पंपाच्या कवचाचा पॅटर्न परत हवा होता, ते शंखासारखं गोल कवच असतं ना, ते.

"आमच्या अप्पांच्या हातचं हाय ते," ते म्हणाले. "अप्पा गेले मागल्या महिन्यात. आता ते घरात ठेवणार."

फाउंड्रीच्या मालकांनी मोबाइलवर त्यांचं नाव घातलं. स्क्रीनवर आलं: नोंद नाही. पुन्हा घातलं. नोंद नाही.

"बघून सांगतो," अण्णा म्हणाले आणि शिडीकडं निघाले.

"आता काय बघताय? कॉम्प्युटरनं बघितलंय की," मालक म्हणाले.

अण्णांची जुनी वही आणली. वहीत होतं. म्हणजे माल आलेला. ॲपमध्ये नाही, म्हणजे नोंदीच्या वेळी माळ्यावर नव्हता. मधे कुठं गेला? फाउंड्रीत जुनं लाकूड चहाच्या चुलीत जातं, भंगारवाल्याकडंही जातं. हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांत आलं. अण्णा आणि एक कामगार माळ्यावर अर्धा दिवस शोधून उतरले. नव्यानं लावलेला माळा अण्णांनाही अजून अंगवळणी पडला नव्हता. डोळे मिटून चालणाऱ्या माणसाच्या घरातलं सामान आम्ही हलवलं होतं.

मला बोलावणं आलं. मी गेलो. सगळे उभे होते: मालक, पंपवाले, वाळूचे साचे करणारे सात-आठ मोल्डर, आणि शिडीला धरून अण्णा. मी माझ्या मोबाइलवर नाव घातलं. नोंद नाही. आणि ऐटीत सांगितलं, "सिस्टीममध्ये नाही म्हणजे नोंदच झालेली नाही. यात चूक होत नसते."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. भांडतील असं वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "मी ठेवलेलं आठवतंय मला. पर तुमी बघितलासा म्हंटल्यावर... माझंच चुकलं असंल."

पंपवाले म्हणाले, "चुकलं म्हणून कसं हो भागंल? बापाचा हात होता तो."

मालकांनी अण्णांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांचा माणूस. जाताना त्यांनी कानामागचा खडू काढून शिडीच्या पायरीवर ठेवला. मी चहा घेतला आणि ऑफिसला आलो.

अकराव्या दिवशी फाउंड्रीच्या कारकुनाचा फोन आला. "साहेब, एक गंमत सांगू? एक पॅटर्न नावानं शोधला तर न्हाय म्हणतंय, नंबर टाकला की हाय म्हणतंय."

गंमत म्हणे. खाली मिरची कांडत होते. मी शिंकत शिंकत डेटाबेस उघडला आणि पंपवाल्यांच्या नावानं तोच प्रश्न थेट गोदामाला विचारला. उत्तर आलं: बघितले शंभर, दिले शून्य. आणि खाली चिठ्ठी: पुढं अजून आहे.

माझ्या डोळ्यांपुढं काय आलं असेल? हातकणंगल्याचा फलाट. छप्पर संपतं ती जागा. तिथंच मी परत उभा होतो.

चिठ्ठी घेऊन पुढचे शंभर मागितले. शून्य. त्यापुढचे. शून्य. चौथ्या खेपेला आला. नंबर तीनशे सतरा. पंपाचं कवच, सागवान, माळा, कप्पा चौदा. नोंद करणारे: कांबळे. आणि शेऱ्याच्या रकान्यात एका बोटानं टाइप केलेलं: "कडेची खपली निघालीय. पोत्यात गुंडाळलाय. जपून."

दुरुस्ती पंधरा मिनिटांची होती. चिठ्ठी येतेय तोवर विचारत राहा, एवढंच यंत्राला सांगायचं. शिवाय गिऱ्हाइकाच्या नावानं लावलेली एक वेगळी फळीच करून घेतली, म्हणजे नावानं विचारलं की हमाल सरळ तिथंच जाईल. हे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं. एवढ्या वर्षांच्या अनुभवाचं फळ काय, तर पंधरा मिनिटांचं काम, अकरा दिवस उशिरा.

फाउंड्रीत जाऊन मालकांना सांगितलं. त्यांनी कारकुनाला माळ्यावर पाठवलं. कप्पा चौदा, तळाला, पोत्यात. मालकांनी पोतं तिथंच राहू द्यायला सांगितलं. मग म्हणाले, "फोन करून बोलवा की त्यांना. या म्हणावं कामावर."

"मी जाऊन येतो," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला एक बरा निर्णय, तोही भीतीनं घेतलेला. फोनवर अण्णा काय म्हणतील ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

उचगावात त्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. अण्णा दारात गवारी मोडत बसले होते. आत बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती होती. वहिनींनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. हमाल, कारकून, शंभर, चिठ्ठी. अण्णा शेंगा मोडत ऐकत होते.

"म्हंजे हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय. चौदा नंबरच्या कप्प्यात. पोत्यात."

"खपली निघालीवती त्याची." अण्णांचे हात थांबले. "साहेब, अकरा दिवस झालं, मी रोज झोपताना माळा चढतोय. हितं ठिवलं का तितं ठिवलं. माझ्या डोस्क्यावरचा इस्वास गेलता माझा. कुणाला दिलं का काय, इसरलो का काय."

वहिनी आतून म्हणाल्या, "जेवण सोडलंवतं. पोरींनी दवाखान्यात न्हेलं."

मी म्हणालो, "मालक या म्हणतायत कामावर."

"मालक म्हणतील. तुमी न्हाय म्हटलासा ते कुणाम्होरं?"

"सगळ्यांपुढं."

"मग हाय बी सगळ्यांम्होरं म्हणा. तेच मोल्डर, तेच पावणं. निपाणीचं पावणं यायला पायजेत. न्हायतर माझ्या दारात येऊन म्हटलंसा काय आन् न म्हटलंसा काय."

पंपवाल्यांना फोन केला. दोन दिवसांनी, डबा खायच्या सुट्टीत, सगळे परत त्याच जागी उभे राहिले. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. मी बोलायला सुरुवात केली आणि सवयीनं फिल्टर, क्वेरी असलं काहीतरी बडबडायला लागलो. एक थोराड मोल्डर डबा हातात घेऊन मधेच म्हणाला, "साहेब, सरळ सांगा की. शिडीच्या पयल्या पायरीवरनंच माळा बघितलासा, व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणालो.

"आन् आण्णांना घालवलासा."

"व्हय."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ते शिडी चढले, एकेका पायरीवर थांबत. वरनं पोतं घेऊन उतरले. उघडलं. शंखासारखं कवच बाहेर काढलं, कडेच्या खपलीवरनं अंगठा फिरवला आणि पंपवाल्यांच्या हातात दिलं.

"बघून घ्या," ते म्हणाले. "तुमच्या अप्पांचंच हाय न्हवं?"

पंपवाल्यांनी ते छातीशी धरलं. मग ते अण्णांच्या पायाशी वाकायला गेले, तसं अण्णांनी त्यांना मधेच दंडाला धरून उभं केलं. "ऱ्हाऊ द्या. आप्पांच्या पाया पडा."

मालकांनी विचारलं, "मग सोमवारपासून येताय ना?"

अण्णांनी माळ्याकडं बघितलं. "न्हाय, मालक. आता शिडी चढताना थांबाय लागतंय. नाव परत आलं, बास झालं. तेवढा फळा लावून जातो."

आणि त्या दुपारी त्यांनी खरंच फळा परत ठोकला. तेलाचा डबा अडगळीत तसाच होता. मी बिल्ले देत गेलो, ते खडूनं नवा नंबर आणि कप्पा घालून खिळ्याला अडकवत गेले. तीनशे सतरा नंबरचा बिल्ला आला तेव्हा त्यांनी तो उलटा अडकवला. माल बाहेर गेला होता ना. ॲपमध्ये तशी नोंद करायला मी त्या गडबडीत विसरलो होतो.

ॲप अजून चालतं. चांगलं चालतं, आता मनापासून सांगतो. नाव घातलं की आधी "बघतोय" असं येतं, आणि शेवटची चिठ्ठी संपल्याशिवाय "नाही" हा शब्द ते उच्चारत नाही. तो "बघतोय" कुणाचा आहे ते मी फाउंड्रीत कुणाला सांगितलेलं नाही. मोल्डरांनी ओळखलं असावं. ते सांगत बसायची माझी हौसही आता राहिलेली नाही. थकलोय, पण तो थकवा कामाचा नाही. आपण न बघता जे जे बोललो त्याचं ओझं असतं, आणि ते कुठल्या डब्यात भरून ठेवता येत नाही.

फळा लावून झाला त्या संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मी सगळ्यांसमोर कसा उभा राहिलो, "व्हय" कसा म्हणालो, मोल्डर काय म्हणाला, जरा रंगवूनच सांगितलं. शाबासकी मिळेल अशी थोडी आशा होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, कडेनं पाणी फिरवलं आणि म्हणाली,

"चांगलं केलंसा. आता रविवारी मिरजेला चला. मामांना हल्ली कमी ऐकू येतंय, तेवढं जरा मोठ्यानं सांगा."